पुणे वाचले ते मावळात

(व्याख्यानमालेतील व्याख्यान, थेरगाव)



'शहराच्या रक्षणकर्त्यांचे स्मारक' हा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांपैकी एकाने विचारले, "सर, विषय चांगला आहे, पण थेरगावात कुठे लढाई झाली?" प्रश्न रास्त आहे. थेरगावात लढाई झाली नाही. चिंचवडलाही झाली नाही. पण १७७९ च्या जानेवारीत ती इथे होणार होती आणि तिची तयारीही झाली होती. मग ती का झाली नाही, कोणामुळे टळली आणि ज्यांच्यामुळे टळली त्यांची आठवण आपण कशी ठेवली, एवढ्याच तीन प्रश्नांवर मी बोलणार आहे.

चिंचवडला लोकल धरली की आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी, घोरावाडी, तळेगाव आणि मग वडगाव. अंतर विसेक किलोमीटर. तुमच्यापैकी कितीतरी जण या गाडीने रोज कामाला जात असतील. मावळ तालुक्याच्या कचेऱ्या असलेले हे वडगाव आणि तिथेच महादजी शिंद्यांचे स्मारक. पुणे शहरावर चालून आलेल्या इंग्रजी फौजेने जिथे गुडघे टेकले, ती ही जागा. शहर पुण्याचे, स्मारक मात्र पुण्यापासून पस्तीस किलोमीटरवर. ते तिथे का आहे हे कळले की लढाईही कळते.

प्रसंग थोडक्यात सांगतो. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्यांच्या मुलाचा, सवाई माधवरावांचा जन्म झाला. कारभाऱ्यांनी त्या तान्ह्या मुलाच्या नावाने राज्य चालवले. चुलत आजोबा रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, इंग्रजांच्या आश्रयाला गेले. मुंबईकर इंग्रजांना साष्टी आणि वसई हवी होती, राघोबांना पेशवाई हवी होती. सौदा जमला. १७७५ चा सुरतेचा तह, त्यावर पाणी पाडणारा १७७६ चा पुरंदरचा तह आणि तोही बाजूला सारून १७७८ च्या नोव्हेंबरात मुंबईहून निघालेली फौज, असा तो क्रम आहे. हेतू उघड होता. पुण्यात शिरायचे आणि राघोबांना गादीवर बसवायचे. ज्या पेशव्याविरुद्ध ही स्वारी निघाली, त्याचे वय तेव्हा साडेचार वर्षांचे होते.

आता त्या फौजेकडे जरा जवळून पाहू. लढणारी माणसे चार हजारांच्या आत आणि बैल, ग्रँट डफच्या इतिहासाप्रमाणे, १९ हजारांवर. माणशी जवळजवळ पाच बैल. तोफा, दारूगोळा, तंबू, साहेबांचे सामानसुमान, सगळे बैलांच्या पाठीवर आणि बोरघाटाची चढण. सेनापती कर्नल एगर्टन आजारी आणि फार जपून चालणारा. सोबत निर्णयासाठी कारनॅक वगैरेंची समिती. समितीने चालवलेली लढाई कशी होते हे कुठल्याही सोसायटीच्या सभासदाला वेगळे सांगायला नको. नोव्हेंबरअखेरीस घाटमाथा हाती आला होता, तरी तळेगाव गाठायला ९ जानेवारी उजाडली. त्या रस्त्याने आज ट्रक दोन-तीन तासांत येतो.

ही संथ चाल मराठ्यांच्या पथ्यावर पडली. समोर भिवराव पानशांचा तोफखाना होता, बाजूंनी घोडदळाच्या तुकड्या होत्या. ठाण मांडून एकच निकराची लढाई द्यायची नाही, रोज थोडे थोडे टोचायचे, रसद तोडायची, मागची वाट बंद करायची, असे ठरलेले होते. कार्ल्याजवळ ४ जानेवारीला कॅप्टन स्टुअर्ट पडला. हा धाडसी माणूस होता. मराठ्यांनीच त्याला 'इष्टुर फाकडा' म्हणून गौरवले होते. त्याच्याकडे मी नंतर येतो.

तळेगावाला इंग्रज पोचले तेव्हा समोर जे दिसले त्याने त्यांचे पाय गळाले. गाव मोकळे होते आणि घरे जळत होती. माणसे, गुरे आधीच हलवलेली. आणि बातमी अशी की फौज पुढे सरकली तर चिंचवड जाळायचे आणि वेळ आली तर पुणेही पेटवून द्यायचे, पण शत्रूच्या हाती अन्नाचा कण लागू द्यायचा नाही. ग्रँट डफने हे नोंदवले आहे. मोरया गोसावींचे चिंचवड, पेशव्यांचे श्रद्धास्थान. तेही जाळायच्या यादीत होते. तळेगावाहून पुण्याकडे येणाऱ्या फौजेच्या वाटेवर पवनेकाठची ही सगळी गावे होती. तेव्हा थेरगावात लढाई झाली नाही हे खरे, पण थेरगावच्या उंबऱ्यापर्यंत आग आणून ठेवलेली होती हेही तितकेच खरे.

या आगीचा हिशेब मांडून पाहा. १९ हजार बैल. एका बैलाला दिवसाला पाच किलो वैरण धरली, आणि ती ओझ्याच्या बैलाला कमीच पडते, तरी रोजची ९५ हजार किलो वैरण झाली. एवढी वैरण कोणी मुंबईहून आणत नाही. ती वाटेवरच्या गावांतून मिळवायची असते. जानेवारी म्हणजे मावळात भाताची झोडणी उरकलेली, घरोघर कणग्या भरलेल्या, खळ्यावर पेंढ्याच्या गंजी रचलेल्या. लुटणाऱ्या फौजेला यापेक्षा सोयीचा महिना नाही. त्या गंजी पेटल्या की बैल उपाशी, बैल बसले की तोफा जागच्या जागी. तळेगावच्या गंज्यांना लागलेली काडी ही त्या मोहिमेतली सगळ्यात नेमकी तोफ होती, असे मी म्हणतो.

इंग्रजांजवळ त्या वेळी अठरा दिवसांचा शिधा शिल्लक होता आणि पुणे अठरा मैलांवर होते. कागदावर पाहिले तर ते पुण्यात पोचले असते. पण राघोबांनी आश्वासन दिले होते की सरदार येऊन मिळतील. एकही मोठा सरदार आला नाही. ११ जानेवारीच्या रात्री त्यांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात लोटल्या, धान्याला काडी लावली आणि माघार घेतली. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास मराठ्यांनी त्यांना गाठले. अंधार, बुजलेले बैल, फुटलेले सामान, चारी बाजूंनी स्वार. पिछाडी कॅप्टन हार्टलेच्या हिंदुस्थानी शिपायांनी सांभाळली. त्यांनी शिकस्त केली म्हणून ती फौज रात्रीतून पुरती बुडाली नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुपारी कसेबसे वडगाव गाठले, तर तिथे वेढा पडला. १३ तारखेला पुन्हा मारा झाला. त्या दोन दिवसांत कंपनीची तीनशेच्या वर माणसे ठार, जखमी वा बेपत्ता झाली. मग बोलणी आणि १६ जानेवारी १७७९ रोजी वडगावचा तह. राघोबांना सोडायचे, १७७३ नंतर बळकावलेला साष्टीसह सगळा मुलूख परत द्यायचा आणि हमी म्हणून दोन इंग्रज ओलीस ठेवायचे.

मुंबईकरांनी आणि कलकत्त्याने हा तह पुढे नाकारला. कारनॅक, एगर्टन आणि एगर्टनच्या जागी सेनापती झालेला कॉकबर्न यांना कंपनीने नोकरीतून काढले. १७८१ मध्ये जनरल गॉडर्ड पुन्हा बोरघाट चढून आला आणि हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन, तुकोजी होळकर यांनी त्याला पनवेलपर्यंत मागे रेटले. शेवट १७८२ च्या सालबाईच्या तहाने झाला. म्हणजे तीन वर्षांत दोनदा पुणे घेण्याचा बेत मावळात मोडला.

आता दुसरा प्रश्न. हे कोणामुळे झाले?

पहिले उत्तर आपल्याला पाठ आहे, महादजी शिंदे. ते चुकीचे नाही. पानिपतावर पाय अधू होऊन परतलेल्या या माणसाने पुढे दिल्लीच्या राजकारणाची सूत्रे हलवली, पण इंग्रजांशी पहिला मोठा हिशेब त्याने मावळात केला.

दुसरे उत्तर आहे एकजूट, आणि ही एकजूट सोपी नव्हती. १७७८ मध्ये मोरोबादादा फडणिसांनी मुख्य कारभारी नाना फडणिसांविरुद्ध कारस्थान केले होते. ते मोडून सहा महिने झाले नव्हते. तुकोजी होळकरांचा कल राघोबांकडे आहे, असा नानांना संशय होता. दुसरे कारभारी सखारामबापू यांच्यावर तर कोणाचाच भरवसा नव्हता. नाना आणि महादजी यांचेही आतून सख्य नव्हते. असे सगळे एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहत असताना, शत्रू घाट चढला तेव्हा हे लोक एका तळावर उभे राहिले. मनाने एक झाले असे मी म्हणणार नाही. कामापुरते एक झाले, आणि शहर वाचवायला तेवढे पुरले.

याचा उलटा पुरावाही आपल्या शेजारीच आहे. थेरगावातून पश्चिमेला वडगाव, तसे पूर्वेला खडकी. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर पेशव्यांचे सेनापती बापू गोखले इंग्रजांशी लढले. आपल्या महापालिकेतल्या दापोडीला कॅप्टन फोर्डची पलटण होती. पेशव्यांच्या पैशाने उभी केलेली ती पलटण ऐन लढाईत नदी ओलांडून इंग्रजांना मिळाली. १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. वडगावपासून खडकीपर्यंत अडतीस वर्षे. मधल्या काळात १८०२ मध्ये हडपसरला शिंदे, पेशवे आणि होळकर आपसातच भिडले आणि पेशवा दुसरा बाजीराव वसईला जाऊन इंग्रजांशी तह करून बसला. शौर्य खडकीलाही कमी नव्हते. कमी पडले ते बाकीचे सगळे.

तिसरे उत्तर आपण फारसे देत नाही. ते म्हणजे ज्यांची घरे जळाली ती गावे. तळेगाव वाचवता आले असते, पण मग पुणे वाचले नसते. असा निर्णय दरबारात होतो आणि त्याची किंमत खळ्यावर चुकती होते. ऐन सुगीत, पोराबाळांना घेऊन, गुरे हाकत डोंगराच्या आडोशाला जायचे आणि मागे धूर निघताना पाहायचे. हे ज्यांनी केले त्यांच्या हातात तलवार नव्हती. त्यांच्याकडे होती ती वर्षाची कमाई, आणि ती गेली. शहराच्या संरक्षणात त्यांचा वाटा कोणत्या मापाने मोजायचा?

तिसरा प्रश्न इथून सुरू होतो. आपण आठवण कोणाची ठेवली?

वडगावात एक विलक्षण गोष्ट आहे. महादजींच्या स्मारकाच्या गावातच इष्टुर फाकड्याचे थडगे आहे. पुण्यावर चालून आलेला हा इंग्रज कप्तान. लोक त्याला मानतात, हार घालतात, नवस बोलतात. शत्रूच्या शौर्याला दाद देणारा हा मराठी स्वभाव मला आवडतो. मानाजी शिंद्यांना आपण फाकडे म्हटले आणि तेच बिरुद इंग्रजालाही देताना हात आखडला नाही. पण यातला उलटा न्याय पाहा. चाल करून आलेल्याचे नाव गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. ज्यांनी त्याला अडवले त्या स्वारांची, गोलंदाजांची, पायदळातल्या माणसांची नावे विचारली तर आपण महादजींपाशी थांबतो. फार तर पानसे, फडके, होळकर. सरदारांच्या खाली यादी उतरतच नाही.

इंग्रजांनी हे वेगळे केले, त्यांच्या सोयीसाठी का होईना. भीमा कोरेगावचा स्तंभ घ्या. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनीने तो उभारला आणि त्यावर पडलेल्या हिंदुस्थानी शिपायांची नावे कोरली. त्यांत 'नाक'ने संपणारी महार शिपायांची नावे ओळीने येतात. कंपनीला आपला विजय मिरवायचा होता. पण नाव एकदा दगडावर आले की ते वाचणारा पुढे कधीतरी येतोच. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले आणि त्या नावांचा अर्थ बदलला. नाव कोरलेले होते म्हणून हे घडले. खडकीच्या युद्धदफनभूमीत जा. दुसऱ्या महायुद्धातल्या सोळाशेहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. शिपाई असो की अंमलदार, दगड एकाच मापाचा, त्यावर नाव, पलटण, तारीख. पुण्यात घोरपडीला १९९८ मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून जे युद्धस्मारक उभे राहिले, तिथेही महाराष्ट्रातल्या हुतात्म्यांची नावे आहेत.

आणि आपल्याकडे? शेजारचे चाकण घ्या. १६६० च्या पावसाळ्यात संग्रामदुर्गावर फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाला छप्पन्न दिवस झुंजवले. भुईकोट किल्ला, डोंगराचा आधार नाही, बाहेर मोगलांची प्रचंड फौज. शेवटी भुयार खणून बुरूज उडवला तेव्हा किल्ला पडला. त्याच चाकणात आज देशभरातली पोरे कारखान्यांत पाळ्या करतात. त्यांना फिरंगोजींचे नाव कधीमधी कानावर येते. त्यांच्याबरोबरचे मावळे मात्र 'मावळे' या एका शब्दात संपतात. हजारो माणसांना एकच नाव देऊन आपण मोकळे झालो आहोत.

कोणी म्हणेल, अडीचशे वर्षांपूर्वीची नावे आता कुठून आणणार? तर पुण्यातच आहेत. पुणे पुरालेखागारातले पेशवे दफ्तर हा मराठी माणसाचा मोठा खजिना आहे. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यातून निवडून ४५ खंड प्रसिद्ध केले. वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांची दप्तरे तपासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. पण छापले गेले ते कागद बांधलेल्या रुमालांच्या डोंगरातले मूठभर. मराठी राज्याचा कारभार हा जमाखर्चाचा कारभार होता. स्वाराचा रोजमुरा, पडलेल्या घोड्याची भरपाई, मेलेल्याच्या मुलाला दिलेले बालपरवेशी वेतन, जळालेल्या गावाला वसुलात दिलेली सूट, या सगळ्यासाठी त्या कारभारात नोंदीची रीत होती. तेव्हा स्मारकावर कोरायचा मजकूर दगडात शोधायचा नाही, मोडी कागदांत शोधायचा आहे.

आता एक अवघड गोष्ट बोलतो. शहरासाठी मावळाने किंमत मोजायची ही रीत १७७९ ला संपली नाही. पवना नदीवर आपले पिंपरी-चिंचवड वाढले. आज थेरगावात नळाला येणारे पाणी पवना धरणातून सुटते आणि रावेतला उचलले जाते. त्या धरणासाठी जमिनी मावळच्या गेल्या. पुढे हेच पाणी बंद जलवाहिनीतून शहरात आणायचे ठरले तेव्हा मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले आणि ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तिघे मृत्युमुखी पडले. प्रकल्प बरोबर की चूक यावर या व्यासपीठावरून निकाल देण्याचा माझा अधिकार नाही. शहराला पाणी लागते, हे मीही जाणतो. पण ज्या मुलखाने एकदा स्वतःच्या कणग्या पेटवून शहर राखले, त्या मुलखाशी शहराने हिशेबाने नव्हे, कृतज्ञतेने बोलायला हवे. स्मारकाचा काही उपयोग असेल तर तो हाच. पुतळ्याला हार घालून आपण इतिहासाचे ऋण फेडत नाही, ते फक्त मान्य करतो.

कोणी असाही आक्षेप घेईल की, तळेगाव जाळले ते सरकारी हुकमाने, लोकांनी कुठे आपखुशीने जाळले? हा आक्षेप खरा आहे आणि महत्त्वाचा आहे. त्यात हतबलता होती, सक्ती होती, रागही असणार. पण सैनिक तरी दर वेळी आपखुशीने मरतो का? तोही हुकमानेच पुढे जातो. त्याच्या मरणाला आपण हौतात्म्य म्हणतो, मग घर गमावलेल्या कुणब्याला निदान एक ओळ तरी द्यावी. उलट सक्ती होती म्हणूनच ती ओळ अधिक निकडीची आहे. ज्याने मन मानून दिले त्याचे आभार मानता येतात. ज्याच्याकडून घेतले त्याचे देणे लागते.

म्हणून, श्रोतेहो, शेवटी तीन मागण्या मांडतो आणि थांबतो. पहिली महापालिकेकडे आणि शाळांकडे. सहल काढताना दर वर्षी एक गाडी वडगावला न्या. मुलांना महादजी दाखवा, इष्टुर फाकड्याचे थडगे दाखवा, तळेगावचे तळे दाखवा आणि तिथे उभे राहून १९ हजार बैलांच्या वैरणीचे गणित फळ्यावर मांडा. इतिहास आणि अंकगणित एकाच तासात होईल. दुसरी मागणी तरुणांकडे. या परिसरात अभियंते हजारांनी आहेत, मोडी वाचणारे बोटांवर मोजण्याइतके. तुमच्यापैकी दहा जणांनी मोडी शिकून पुण्याच्या दफ्तरात १७७८-७९ चे मावळ तालुक्याचे कागद हुडकायला घ्यावेत. तिसरी मागणी स्मारकाची देखभाल करणाऱ्यांकडे. वडगावला महादजींच्या नावाखाली एक दगड रिकामा ठेवा. त्यावर आधी खंडाळा, कार्ले, तळेगाव अशी गावांची नावे कोरा आणि कागदांतून जसजशी माणसांची नावे सापडतील, तसतशी तीही कोरत जा.

शहर आपण राखले, असे पुणेकरांना वाटत असेल तर वाटो. ते मावळाने राखले. चिंचवड आणि थेरगाव त्या दिवशी जळायचे राहिले, याचे देणे आपल्या नावावर लिहिलेले आहे. ते फेडायला घ्या, एवढीच विनंती.